डोंबिवलीत टाइप केलेल्या विलायती गाणाऱ्यांच्या बातम्या

गेली सहा वर्षं दर मंगळवारी सकाळी मी इंग्लंडमधल्या लोकगीतं गाणाऱ्यांच्या बातम्या टाइप करते. हे कोणाला सांगितलं की आधी गंमत वाटते, मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तुला गाण्यातलं कळतं का? मला गाण्यातलं भजनापुरतं कळतं. माझं काम ऐकून लिहिण्याचं. एजन्सीकडून आवाजाची फाइल येते, मी कानाला हेडफोन लावते आणि बोललेला शब्द न शब्द टाइप करून परत पाठवते. आधी मी परदेशी डॉक्टरांचे रिपोर्ट लिहायचे. ते काम आटलं तेव्हा एजन्सीनं हा कार्यक्रम माझ्या गळ्यात घातला.

उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातून एक बाई तो इंटरनेटवर चालवते. चाळीस मिनिटांचा कार्यक्रम, त्यात अर्धा वेळ गाणी आणि अर्धा वेळ बातम्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ते लोक सगळा मजकूर वेबसाइटवर लिहून ठेवतात. गाण्याचा कार्यक्रम वाचणारी माणसं जगात आहेत, हे मला पहिल्याच आठवड्यात फार आवडलं होतं.

सुरुवातीला माझी फजितीच झाली. बाईचा उच्चार असा की निम्मे शब्द घशात आणि निम्मे नाकात. न कळलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंस टाकून ‘अस्पष्ट’ असं लिहायचा आमच्यात नियम आहे. माझ्या पहिल्या पानावर मजकुरापेक्षा कंसच जास्त होते. जे कळलं असं वाटायचं त्यातही घोटाळे. मॉरिस नावाचा कोणी एक माणूस दर आठवड्याला कुठल्यातरी गावात, चर्चबाहेर नाहीतर दारूच्या गुत्त्यासमोर, भर पावसात नाचत असायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, की हा मॉरिस एकाच शनिवारी दोन गावांत नाचला, आणि तोही साठीच्या पुढचा असणार. तिसऱ्या आठवड्यात मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं की मॉरिस हा माणूस नाही. पायांना घुंगरू बांधून, हातात रुमाल किंवा काठ्या घेऊन गटानं नाचायचा तो तिकडचा प्रकार आहे. केलीचंही तसंच. शनिवारी गावच्या सभागृहात केली आहे, सगळ्यांनी या, असं आमंत्रण ऐकून मला ती एखादी लोकप्रिय मुलगी वाटली होती. ती निघाली नाचगाण्याची संध्याकाळ.

हळूहळू कान तयार झाला. मग कळलं की या बातम्या म्हणजे एका मोठ्या घरातल्या बातम्या आहेत. कोणाच्या घशाचं ऑपरेशन नीट पार पडलं, कोणाचं हरवलेलं व्हायोलिन बस डेपोत सापडलं, कुठल्या गावात कोरसच्या खुर्च्या कोणी उचलायच्या यावरून दोन गट पडले. मी त्या माणसांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या तब्येती मला माझ्या चुलत नणंदांच्या तब्येतींपेक्षा जास्त ठाऊक होत्या.

तीन वर्षांपूर्वी या बातम्यांत एका आजीबाईंची हकीकत सुरू झाली. ऐंशीच्या घरातल्या त्या आजीबाई एका खेड्यातल्या पबच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी गाण्याची बैठक भरवत. स्टेज नाही, माइक नाही, तिकीट नाही. गोल करून बसायचं, आपली पाळी आली की आपलं गाणं म्हणायचं, आणि ध्रुवपद आलं की सगळ्यांनी सूर मिळवायचा. त्यांच्या तरुणपणापासून हे चालू होतं. आता पब विकला गेला होता आणि तिथे फ्लॅट होणार होते. पुढचे पाच-सहा महिने मी त्या खोलीच्या शोधाची हकीकत लिहीत होते. चर्चमध्ये थंडीनं बोटं आखडून वाद्यं वाजवता येईनात. शाळेनं इतके फॉर्म मागितले की विचारायला गेलेला माणूस पुन्हा गेलाच नाही. एकीच्या स्वयंपाकघरात बसून पाहिलं, तर सातच जण मावले आणि आठवा अंगणात उभा राहून गायला.

हे मी टाइप करत होते त्याच दिवसांत आमची ठाण्यातली, वर्तकनगरची इमारत पाडायला घेतली होती. पुनर्विकासाची बोलणी कित्येक वर्षं चालली होती, त्यामुळे खरंच सामान बांधायची वेळ आली तेव्हा सगळेच गडबडले. जिथे ज्याला भाड्यानं घर मिळालं तिथे तो गेला. आम्ही डोंबिवलीत आलो, दोन कुटुंबं घोडबंदर रोडला गेली, काही ठाण्यातच राहिली. आणि आमच्या बाई कल्याणला मुलीकडे गेल्या.

बाई म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. महापालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं, म्हणून सगळ्यांच्या तोंडी बाई. पंचाहत्तरीला टेकल्यात. पेटी त्याच वाजवतात आणि चूक झाली की पेटी थांबवून चष्म्यावरून बघतात. दर बुधवारी तीन ते पाच सोसायटीच्या ऑफिसात आमचं भजन असायचं. एका भिंतीला फाइलींचं कपाट, दुसऱ्या भिंतीला पाण्याच्या पंपाचं स्विचबोर्ड आणि मधे आम्ही तेराजणी. त्या खोलीला आम्ही कायम नावं ठेवली होती. ती गेली तेव्हा कळलं की तिच्याशिवाय आम्ही मंडळ नव्हतोच.

आम्ही प्रयत्न केले. ठाण्यात राहिलेल्या एकीच्या घरी बसलो, तर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ झांजा ऐकून वर आले. बागेत बसलो, तर वॉचमननं वाद्यं चालत नाहीत म्हणून सांगितलं. देवळात विचारलं, तर तिथे आधीच दोन मंडळं, बुधवार-गुरुवार दोन्ही भरलेले. मग विषय थंडावला. व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळची फुलं तेवढी यायची. बाईंनी तर फुलांनाही उत्तर देणं सोडलं. त्यांच्या मुलीला फोन केला तेव्हा ती म्हणाली की घर बदलल्यापासून आईनं पेटीवरचं कापडसुद्धा काढलेलं नाही. जेवते, झोपते, टीव्ही बघते, विचारलं की बरं आहे म्हणते. फोन ठेवल्यावर मला फार अस्वस्थ वाटलं. बाई सत्तर ओलांडल्यावरही आम्हाला दरडावत होत्या. त्या ‘बरं आहे’ म्हणतात हे लक्षण चांगलं नव्हतं.

पुढच्याच मंगळवारी फाइल आली आणि त्यात आजीबाईंची बातमी होती. त्यांना खोली सापडली होती. मशिनमध्ये नाणी टाकून कपडे धुवायचं गावात एक दुकान होतं. ते संध्याकाळी सहाला बंद व्हायचं. आजीबाईंनी मालकाला विचारलं, त्यानं किल्ली दिली. आता गुरुवारी सगळे वॉशिंग मशिनांवर पाठ टेकून गात होते. निवेदिकेनं त्यांना फोनवर विचारलं की असं दुकान सुचलं कसं. त्यांचं उत्तर मी इंग्रजीत टाइप केलं, पण मनात मराठीतच उमटलं: “खोली कसली आहे हे आम्ही विचारत बसलो होतो. विचारायला हवं होतं की ती रिकामी कधी असते.”

मी हेडफोन काढला. फाइल अर्धी राहिली होती, तरी तशीच चप्पल घालून खाली गेले.

खाली आमच्या घरमालकीण मावशी राहतात. त्यांचं घराणं इथलंच, आगरी. सासऱ्यांच्या काळापर्यंत शेती होती, माहेरी मिठागरात काम. आता त्या जमिनीवर तीन इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्या एकीत आम्ही भाड्यानं राहतो. मावशी ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मी समोर बसून विचारलं की मावशी, तुमच्या माहितीत दुपारी रिकामी असणारी एखादी जागा आहे का. कशाला ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी हातातली शेंग पुरी सोलली आणि म्हणाल्या, “आमचा जिम हाय ना. बारा ते चार कोन नसतं तिथं. या नि गावा.”

जिम त्यांच्या मुलाचा. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर मोठा गाळा, तीन बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत आरसे आणि चौथ्या भिंतीवर उघड्या अंगाच्या पैलवानांची माणसाएवढी पोस्टरं. मुलानं हरकत घेतली नाही. फक्त वजनं हलवू नका, पायावर पडतील, एवढंच म्हणाला.

बाकीच्या अकराजणी लगेच तयार झाल्या. बाई मात्र अडल्या. मी कल्याणला त्यांच्या मुलीकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं, पार इंग्लंडच्या आजीबाईंपासून. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की कपडे धुवायचं दुकान निदान स्वच्छ तरी असतं. देवाचं नाव घ्यायला घामट वासाच्या जागी बसायचं, समोर ती नागडी चित्रं, हे आपल्याला जमणार नाही. मी वाद घातला नाही. बाईंशी वाद घालून कोणी जिंकलेलं मला आठवत नाही. मी एवढंच म्हटलं, “बाई, तुम्ही गाऊ नका. नुसत्या बघायला या. आम्हाला पेटीशिवाय सूर सापडणार नाही, तेवढी पेटी मात्र द्या.”

पेटी दुसऱ्याच्या हातात द्यायची कल्पना त्यांना सहन होणार नाही हे मला माहीत होतं. बुधवारी रिक्षातून पेटी उतरली आणि तिच्यामागून बाई.

मावशींनी सकाळीच चादरी आणून सगळी पोस्टरं झाकली होती. एका चादरीखालून पैलवानाचे दोन पाय तेवढे दिसत होते. फिनेलनं फरशी पुसली होती, उदबत्ती लावली होती. आम्ही काळ्या रबरी मॅटवर बसलो. बाईंना खाली बसायला त्रास होतो, म्हणून त्यांना व्यायामाच्या बाकावर बसवलं आणि पेटी दुसऱ्या बाकावर ठेवली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. तिन्ही बाजूंना आम्हीच आम्ही, अकराच्या जागी पन्नास बायका. मग त्यांनी भाता उघडला आणि सूर धरला.

पहिला अभंग रखडत झाला. बरेच महिने आवाज बसलेले. दुसऱ्याला आवाज मोकळे झाले. तिसऱ्याच्या मध्यावर बाईंनी पेटी थांबवली. आम्हाला वाटलं, झालं, आता उठतात. त्या आरशात बघत होत्या. मागच्या रांगेतल्या माझ्याकडे आरशातूनच बोट करून म्हणाल्या, “तू. टाळी उशिरा देतेस. इतकी वर्षं मला वाटायचं दुसरंच कोणी चुकतंय.”

सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या दिवसापासून बाईंना जिम पसंत पडला. मान न वळवता सगळा वर्ग डोळ्यांसमोर, असं शाळेतही त्यांना कधी मिळालं नव्हतं. घोडबंदरच्या दोघीजणी त्या दिवशी वाहतुकीत अडकून शेवटच्या आरतीला पोचल्या. त्यांच्यासाठी आरती दुसऱ्यांदा म्हटली.

मावशी पहिल्या दिवशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. तिसऱ्या बुधवारी आत येऊन बसल्या. मग एकदा मधे चहा झाला तेव्हा बाईंनी त्यांना सहज विचारलं की तुम्हीही काही म्हणता का. त्यांनी पदर सावरला आणि गायला लागल्या. आगरी लग्नात विधी चालू असताना म्हणायची गाणी असतात. त्यांना धवले म्हणतात आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. मावशींच्या सासूबाई धवलारीण होत्या. तरुण सून म्हणून मावशी त्यांच्या मागे बसून साथ द्यायच्या. आता लग्नात डीजे असतो, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांत कोणी त्यांना गायला बोलावलं नव्हतं. आवाज जाडाभरडा, पण असा पक्का की बाईंनी पेटीवर तो सूर शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता. गाणं संपल्यावर बाई म्हणाल्या की पुढच्या वेळी हे उतरवून घ्यायचं. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझं तर तेच काम आहे.”

मी मावशींचं गाणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि मंगळवारचं काम उरकल्यावर ते लिहायला बसले. तासाभरात माझी पार जिरली. पहिल्या चार ओळींत पाच ठिकाणी ‘अस्पष्ट’. यॉर्कशायरच्या मेंढपाळाचं बोलणं मी आता न थांबता लिहीत होते, आणि माझ्याच इमारतीत खाली राहणाऱ्या बाईचं मराठी मला कळत नव्हतं. मी वही घेऊन खाली गेले. मावशींनी एकेक शब्द समजावून सांगितला. त्यातल्या एका शब्दासाठी तर त्यांनी ओट्यावर पाणी सांडून बोटानं चौकोन काढून दाखवले. मिठागरात मीठ धरतं त्या उथळ चौकोनाला त्यांच्याकडे तो शब्द होता. मी सगळं लिहून घेतलं. तेव्हापासून रोज दुपारी अर्धा तास आमची वही चालू झाली.

त्याच सुमारास मी एक गोष्ट केली, जी एजन्सीच्या नियमात बसत होती की नाही हे मी मुद्दाम वाचून पाहिलं नाही. त्या कार्यक्रमाच्या शेवटी निवेदिका दर वेळी सांगायची की तुमच्या गावची बातमी कळवा. मी साधी श्रोती म्हणून तिला पत्र लिहिलं. जिम, आरसे, बाई, मावशी, सगळं. आणि आजीबाईंना सांगा, असं लिहिलं, की तुमच्या एका वाक्यामुळे आमचं मंडळ पुन्हा गायला लागलं.

चार मंगळवार काही झालं नाही. पाचव्या मंगळवारी नेहमीप्रमाणे टाइप करत होते. एका कोरसला नवी शिकवणारी मिळाली, एका गावात मॉरिस नाचणाऱ्यांनी घुंगरू विसरल्यामुळे सायकलच्या घंट्या बांधल्या. मग निवेदिका म्हणाली की आता जरा लांबची बातमी. आणि माझं पत्र वाचायला लागली. माझी बोटं थांबली. तिनं ‘डोंबिवली’चा जो काही उच्चार केला, तो तीन वेळा मागे जाऊन ऐकला तरी मला हसूच येत होतं. नियम असा की जसं ऐकू येईल तसं लिहायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा तो नियम मोडला आणि गावाचं नाव नीट लिहिलं. संध्याकाळी तपासणाऱ्या बाईंची टीप आली: स्थळाचं नाव ऐकण्याशी जुळत नाही, कृपया खात्री करा. मी उत्तर लिहिलं, “खात्री आहे. मी इथेच राहते.” त्यावर त्यांनी एक हसरा चेहरा पाठवला आणि पुढे काही विचारलं नाही.

बुधवारी तो भाग आम्ही जिमच्या स्पीकरवर लावला. ते स्पीकर इतर वेळी धडधडीत गाण्यांसाठी असतात. त्यामुळे निवेदिकेचा आवाज छातीत घुमत होता. मी वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगत होते. बाईंचा उल्लेख आला तिथे त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुढच्या महिन्यात आजीबाईंनी आमच्यासाठी एक गाणं पाठवलं. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायकोचं गाणं, मागे एक मशीन घरघरत होतं, कोणीतरी कपडे काढायला विसरलं असावं. ध्रुवपद सोपं होतं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा आमच्यातल्या चौघीजणी अर्थ न कळता बरोबर म्हणत होत्या आणि बाईंनी पेटीवर साथ धरली होती.

त्याबदल्यात आम्ही मावशींचा धवला पाठवायचं ठरवलं. निवेदिकेनं कळवलं की गाणं पुरं हवं आणि अर्थही हवा. इथे अडचण आली. मावशींना ते गाणं निम्मंच आठवत होतं. पुढचं माझ्या बहिणीला येतं, म्हणाल्या. बहीण कल्याणच्या पलीकडच्या एका गावात राहते. एका रविवारी मावशी, बाई आणि मी रिक्षा करून तिथे गेलो.

अंगणात खाट टाकून बहीण बसली होती. मावशींपेक्षा मोठी, दात गेलेले, पण आवाज तोच. मावशींनी गायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीलाच बहिणीनं हात वर केला. गाण्यात खाडीतून होडी येते. मावशींच्या गाण्यात त्या होडीत नवरा होता. बहीण म्हणाली, होडीत नवरी असते, नवरा किनाऱ्यावर उभा असतो. मावशी म्हणाल्या, नवराच. दोघींचं बराच वेळ चाललं. बाई मधे पडायला गेल्या, तर दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. शेवटी बहीण शांतपणे म्हणाली, “तू म्हनतेस तो तुज्या सासूचा. आपल्या आयसचा असा नव्हता.”

मावशी हळूच म्हणाल्या की खरं आहे. लग्न होऊन आल्यावर वीस वर्षं सासूच्या मागे बसून म्हटलं, त्यात आईचं कधी पुसलं गेलं ते कळलंच नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बहिणीनं त्यांना खाटेवर शेजारी ओढून घेतलं आणि लहान मुलीला शिकवावं तसं एकेक ओळ म्हणून घ्यायला लागली. मी फोन चालू ठेवला. बाई चष्मा काढून बसल्या होत्या, एकदाही कोणाची चूक काढली नाही.

निघायला चार वाजले. बहिणीनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली. रिक्षात मावशी आईचं गाणं पुटपुटत होत्या. त्या ओळीपाशी आलं की होडीत पुन्हा नवराच बसायचा, मग त्या स्वतःशी हसायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायच्या. मी निवेदिकेला दोन्ही गाणी पाठवली आणि लिहिलं की एक सासूचं आहे, आठवलं तेवढं, आणि एक आईचं. तिचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. तिच्याकडेही एकाच गाण्याच्या अशा जोड्या पुष्कळ आहेत, आणि दोन्ही गाणी ती लागोपाठ लावणार आहे.